पोट लहान झालं, ताटाचं काय?

बेंदराचा दिवस. आमच्या कुंडलात आता दावणीला बैल थोडेच उरलेत, बऱ्याच दारांत ट्रॅक्टरलाच हार पडतो. पुरण मात्र पूर्वीइतकंच शिजतं. माझ्या ऑपरेशनला तेव्हा पाच महिने झाले होते. बायकांची पंगत बसली आणि सासूबाईंनी माझ्या ताटात आख्खी पोळी टाकून वर तुपाची धार सोडली. मी म्हटलं, "आई, चतकोर पुरे हो मला."

तव्याकडं बघतच त्या म्हणाल्या, "चतकोर दारातल्या भिकाऱ्याला घालत्यात. घरच्या सुनंला न्हाई."

काय बोलणार? सणाचा दिवस, चार पाहुण्या समोर बसलेल्या. मी पोळी दुधात कुस्करली आणि अर्धी खाल्ली. दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधडायला लागलं, दरदरून घाम फुटला, पोटात मुरडा आला, हातपाय गळून गेले. उठून माजघरात आडवी झाले. बाहेर एक पाहुणी म्हणत होती, "एवढं पैसं घालून दुखणं इकत आणलंय बघा." मला रडू आलं. खरं सांगते, ते दुखण्याचं रडू नव्हतं. ताटात अर्धी पोळी उरली होती आणि ती आता कोण संपवणार, या विचारानं मी रडत होते!

हसू नका मैत्रिणींनो. त्या अर्ध्या पोळीवरच आज लिहायचं आहे.

मी शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडली तेव्हा माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन १०८ किलो होतं. मधुमेह होता, गुडघे बोलायला लागले होते, रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि नवरा घाबरून हलवून उठवायचा. डाएट, काढे, उपवास, पहाटेचं फिरणं, सगळं करून झालं. दहा किलो जायचे, बारा परत यायचे. शेवटी २०२२ च्या फेब्रुवारीत किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं पुण्याला गेले आणि ऑपरेशन करून आले. गावात सांगितलं, पित्ताशयाचं केलं. पोटावरची भोकं तशीच असतात, त्यामुळे चार महिने ते खपलंही. चोरी केल्यासारखं का वाटत होतं कुणास ठाऊक. गुडघा बदलून आलेली बाई मांडी दाखवत सगळ्यांना कौतुकानं सांगते. वजनाचं ऑपरेशन केलेली बाई मात्र लपवते, कारण लोकांच्या लेखी तो आजार नसतोच, ते बाईचं तोंड सुटल्याचं फळ असतं.

माझं झालं ते गॅस्ट्रिक बायपास. यात जठराचा वरचा अगदी छोटा कप्पा वेगळा करतात आणि लहान आतडं थेट त्याला जोडतात. दुसऱ्या प्रकारात, स्लीव्हमध्ये, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढूनच टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. बायपासची सुरुवात १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसं पुढं बारीकच राहतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, त्यावरून ही कल्पना निघाली. आपल्याकडं खेड्यापाड्यांत हे नाव पोचलं ते बातम्यांतून. २०११ साली नितीन गडकरींनी, तेव्हा ते भाजपचे अध्यक्ष होते, मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. मग २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानानं मुंबईत आली, तेव्हा तर घराघरात टीव्हीवर तिच्याच किलोंचा हिशोब चालला होता. आज एवढे घटले, आज तेवढे. बिचारी त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत गेली. आकडे तेवढे आमच्या लक्षात राहिले.

मीसुद्धा आकड्यांकडं बघूनच गेले होते. किती किलो जातील? किती महिन्यांत? डॉक्टर सांगत होते की खाण्याची पद्धत जन्मभर बदलावी लागेल, आणि मी मान डोलावत होते. मला वाटलं, 'कमी खा' एवढंच असणार ते. तेवढं काय, पोटच लहान म्हटल्यावर आपोआप होईल.

पोटानं त्याचं काम चोख केलं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत दोनेक महिन्यांनी साधं जेवण. तेही केवढं? लेकीच्या उष्टावणाला माहेरहून चांदीची वाटी-चमचा आला होता, कपाटात काळा पडला होता. तो घासून काढला. ती वाटी माझं ताट. घास बारीक चावायचा, पार लगदा होईस्तोवर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. वाटीभर खायला वीस-पंचवीस मिनिटं. आता सांगा, वीस मिनिटं एका जागी बसून जेवलेली गृहिणी तुम्ही शेवटची कधी पाहिली? मी तर आयुष्यभर ओट्याशी उभ्यानं, एका हातानं पोळी लाटत जेवले होते. बसून सावकाश जेवायचं म्हणजे पहिल्या दिवशी मला कुणाच्या तरी घरी पाहुणी गेल्यासारखं वाटलं. जाऊबाई दोनदा येऊन बघून गेल्या, बरं वाटत नाही की काय म्हणून.

आहारतज्ज्ञ बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी छापील कागद दिला त्यावर ओट्स, ब्रोकोली, टोफू, ग्रीक योगर्ट. हे सगळं पुण्यातल्या एखाद्या मोठ्या दुकानातलं. आमच्या बाजारात ब्रोकोली मागितली तर भाजीवाली मलाच विचारेल, कसली गं बाई ती? महिनाभर मी तो कागद बघून हताश व्हायचे. मग एके दिवशी डोक्यात उजेड पडला. ग्रीक योगर्ट म्हणजे दही फडक्यात टांगून पाणी काढलेलं. अहो, तो तर चक्का! श्रीखंडाला दरवर्षी खुंटीला टांगतोच की. आणि मग एकेक आठवायला लागलं. आजारातून उठलेल्याला आमच्याकडं हुलग्याचं माडगं देतात. गूळ न घालता ताकाबरोबर ते किती छान लागतं! मुगाचं कढण, मोड आलेली मटकी मऊ शिजवून, उकडलेलं अंडं, मटणाचा नुसता पांढरा रस्सा, मग पुढं खिमा. ज्वारीची भाकरी सुरुवातीला उतरत नव्हती, आमटीत बराच वेळ भिजवून चमच्यानं खाल्ली. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि अंड्यातून मिळतात सहाच. म्हणजे आधी डाळ, अंडं, दही. भाकरी-भाताला जागा उरली तर. आपलं ताट याच्या अगदी उलट लावलेलं असतं. भाताचा डोंगर आणि पायथ्याशी आमटी.

शिवाय जन्मभर गोळ्या. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. आतड्याचा रस्ता बदलला की अन्नातून हे नीट शोषलं जात नाही. गोळ्या कंटाळून सोडल्या की वर्षा-दोन वर्षांत हातापायाला मुंग्या, दम लागणं सुरू होतं. चौथ्या महिन्यात माझे केस असे गळाले की फणी बघवेना. पुढं ते आले परत, पण तेव्हा कोण सांगणार? बायका म्हणायच्या, "आजारी हाईस व्हय गं? तोंड उतरलंय." आधी १०८ किलोची होते तेव्हा कुणी कधी आजारी आहेस का विचारलं नव्हतं हो. तेव्हा 'खात्यापित्या घरची' होते.

या बाबतीत आमचं गाव फार मजेशीर. कुंडलच्या कुस्ती मैदानाचं नाव महाराष्ट्रभर. इथं पैलवानाच्या खुराकाचं कौतुक, त्याच्या दुधातुपाचा, बदामांचा हिशोब चावडीवर होतो, भरलेल्या अंगाकडं बघून म्हातारी माणसं डोळे निववतात. बाईचं अंग भरलं की मात्र ती चेष्टा. आणि खुराक? बाईच्या वाट्याला खुराक असं काही कधी येतच नाही. तिच्या वाट्याला येतं ते उरलेलं.

मी मूळ मुद्द्यावर येते. माझे १०८ किलो कुठून आले, याचा हिशोब मी ऑपरेशननंतर सुट्टीत घरी पडल्या पडल्या केला. हॉटेलात जाणं वर्षातून एखाद्या वेळी. गोड फारसं आवडत नाही. मग? तर सकाळी मुलांनी टाकलेला अर्धा पराठा. दुपारी डब्यातून परत आलेली भाजी. रात्री टोपाच्या तळाशी वाटीभर आमटी, फ्रिजमध्ये ठेवण्याइतकी जास्त नाही आणि फेकण्याइतकी कमी नाही. शिळी भाकरी दुधात. सासऱ्यांनी ताटात सोडलेला भात. पोट भरलेलं असताना मी हे रोज खाल्लं, वीस वर्षं. भूक म्हणून कधीच नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून. आमच्या घरात कचऱ्याचा डबा दोन होते. एक मोरीजवळ आणि दुसरा मी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९ ते २१ चे आकडे बघा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या, आणि ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. अनेकींच्या बाबतीत ही दोन्ही दुखणी एकाच अंगात नांदत असतात. मला तरी यात नवल वाटत नाही. शेवटी जेवणारीला भाजीतले तुकडे संपलेले असतात, रस्सा असतो. डाळ तळाशी गेलेली नसते, पाणी असतं. आणि भात-भाकरी मात्र मुबलक उरलेली असते. पोट फुगतं, रक्त वाढत नाही.

ऑपरेशननं माझ्यातला कचऱ्याचा डबा बंद केला. एका दिवसात. आणि घराची पंचाईत झाली! पहिल्या महिन्यात आमच्याकडं एवढं अन्न उरायला लागलं की म्हशीच्या बादलीत रोज भाकरी पडायला लागल्या. नवऱ्याला वाटलं, मी आजारी म्हणून जाऊबाईंचा अंदाज चुकतोय. अंदाज तोच होता. वीस वर्षं मापात धरलेलं एक पोट वजा झालं होतं.

इथं माझं स्पष्ट मत मांडते. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात समुपदेशन होतं, ते एकट्या पेशंटचं. तिनं हे खावं, हे खाऊ नये, मन घट्ट करावं. बरोबर आलेला नवरा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेला. पण ती परत जाते ते त्याच घरात, त्याच ओट्याशी. स्वयंपाक तीच करणार, वाढणार तीच, आग्रहही तिनंच मोडायचा आणि उरल्याची जबाबदारीही तिच्याच गळ्यात. पुरुषानं हे ऑपरेशन केलं की त्याची बायको वाटी मोजून समोर ठेवते, पथ्य सांभाळते, कुणी आग्रह केला तर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून मध्ये पडते. बाईच्या बाजूनं कोण मध्ये पडणार? म्हणून मला वाटतं, समुपदेशनाला सासू, नवरा, जाऊ, मोठी मुलं यांना आत बोलवलंच पाहिजे. त्यांना वाटी दाखवा. डम्पिंग म्हणजे काय, गोड खाल्ल्यावर आतड्यात एकदम साखर उतरली की बाईचं काय होतं, हे तिच्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून कळू द्या. बाईनं सांगितलं की ती नखरे असतात.

तुम्ही म्हणाल, सगळा दोष घरावर ढकलून मोकळी झालीस! नाही हो. माझा वाटा माझ्याकडं आहेच, आणि तो कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

भूक पहिल्या वर्षी जवळजवळ लागतच नव्हती. पण संध्याकाळी शाळेतून आले, काही मनाला लागलेलं असलं, की हात आपोआप चिवड्याच्या डब्याकडं जायचा. पूर्वी मी तशीच शांत व्हायचे. मुलाच्या बारावीचे निकाल, सासऱ्यांचं आजारपण, शाळेतलं राजकारण, सगळं मी खाऊन पचवलं होतं. आता खाता येईना, मग ते सगळं जायचं कुठं? चिडचिड व्हायला लागली. कधी कधी तर वाटायचं, माझी जिवाभावाची मैत्रीणच कुणीतरी हिसकावून घेतली. हे कुणी आधी सांगत नाही. आणि दुसऱ्या वर्षी मनानं पळवाट शोधलीच. चिवडा, फरसाण, बिस्किटं तोंडात विरघळतात, त्या छोट्या कप्प्यात अडकत नाहीत, सटकन खाली उतरतात. थोडं थोडं करत तासाभरात वाटीभर जातं. ६८ वर आलेलं वजन ७३ झालं. पाच किलो! मी काट्यावरून उतरून पुन्हा चढले, काटा तोच.

तेव्हा घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थोडं वाढतं पुष्कळांचं, भूकही परत येते. पण काय खाता ते आठवडाभर लिहून काढा आणि शेजारी त्या वेळी मनात काय होतं तेही लिहा. मास्तरीणच मी, वही घातली. आठवड्यानं वाचली तेव्हा चिवड्यासमोर सात वेळा एकच शब्द होता. 'दमले.' एकदाही 'भूक' नव्हता. आता दमले की मी डबा उघडत नाही, सरळ अर्धा तास दार लावून पडते. घरात पहिल्यांदा त्यावरही कुरकुर झालीच. बाईनं दिवेलागणीला आडवं होणं म्हणजे! पण चिवडा खाल्लेला चालत होता, पडलेलं चालत नाही, असं कसं, हे मी एकदा मोठ्यानं विचारलं. १९४३ च्या प्रतिसरकारचं आमचं गाव मोठं केंद्र. एवढं बंड तर माझ्या हातून व्हायलाच हवं होतं.

हल्ली मला फोन येतात. त्यातले बरेच आयांचे. "मुलगी बावीस वर्षांची आहे, वजनामुळं जमत नाही, लग्नाआधी करून घ्यावं का?" मी विचारते, साखर आहे? दम लागतो? पाळी येते का? तर म्हणतात, तसं काही नाही, थोडी जाड आहे. अशांना मी सरळ नाही म्हणते. हे सौंदर्याचं ऑपरेशन नाही. वजनाचे, उंचीचे, बरोबरच्या आजारांचे ठरलेले निकष आहेत, ते डॉक्टरांनी बघायचे, मुलाकडच्यांनी नव्हे. आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, कारण त्या काळात तिच्याच अंगात पुरेसं पोषण नसतं. दुसरीकडं, वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होऊन दिवस लवकर राहूही शकतात. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरी हे सांगता येणार आहे का? ऑपरेशनच लपवून लग्न लावलं असेल तर बेंदराच्या पोळीला ती काय कारण सांगणार?

२०२५ पासून आपल्याकडं आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची नवी इंजेक्शनंही आली आहेत. भूक मारतात, खर्चिक आहेत, आणि बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढायला लागतं असं डॉक्टर सांगतात. कुणाला ती लागू पडतील, कुणाला ऑपरेशन. पण इंजेक्शन घेतलेल्या बाईच्याही टोपात रात्री वाटीभर आमटी उरणारच आहे.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी. १९३० साली तिथून 'स्त्री' मासिक निघालं. तेव्हापासून बायकांनी शिकावं का, नोकरी करावी का, यावर किती शाई खर्च झाली! त्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही मिळवल्याही. मी नोकरी करते, माझ्या पैशानं ऑपरेशन केलं. पण गरम भाकरी, सगळ्यांबरोबर बसून, आपल्या भुकेइतकी खाणं हे काही अजून पुष्कळ घरांत बाईला जमलेलं नाही.

सासूबाईंवर मी फार दिवस रागावून होते. मग एका दुपारी शेंगा फोडता फोडता त्या ७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागल्या. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं सुकडी मिळायची. रेशनवर तांबडा मिलो, त्याची भाकरी थापताना तुटायची. "धाकट्या दिराला माझ्या वाट्याची सुकडी देत हुते आणि पाणी पिऊन झोपत हुते," म्हणाल्या. "तवापास्नं ताटात कायबी उरल्यालं बघवत न्हाई मला." मी शेंगा फोडायची थांबले. जिच्या पोटात तो दुष्काळ अजून बसलाय, तिच्यासमोर मी अर्धी पोळी सोडून उठले होते.

त्यानंतर आम्ही दोघींनी एक केलं. सकाळी पीठ मळायच्या आधी घरात फिरून विचारायचं, कोण किती खाणार? नवरा पहिल्यांदा हसला, "हॉटेल हाय व्हय?" म्हणाला. आता सांगतो, दोन. भाकऱ्या मोजून होतात. म्हशीची बादली रिकामी असते. आमटी उरलीच तर सकाळी तिच्यात पीठ मळून सगळ्यांनाच थालीपीठ. सगळेच जण एकत्र बसतो असं मात्र नाही, सासरे अजून आधीच जेवतात. त्यांना बदलायच्या भानगडीत मी पडले नाही.

यंदाच्या बेंदराला सासूबाईंनी पोळी तव्यावरून उतरवली, उलथन्यानं मोडली आणि एक चतकोर चांदीच्या वाटीत ठेवला. तूप चमच्यानं, थेंबभर. पाहुणीनं विचारलंच, "आन् तुमच्या सूनबाईला एवढीच?"

"तिचं माप हाय ते," सासूबाई म्हणाल्या, आणि उरलेली पाऊण पोळी ताटलीखाली झाकून फळीवर सरकवली. "ऱ्हाऊ दे ती. सांच्याला बघू कोण खातंय."